मानकर काकाजींचं पॅकिंग

वस्तू लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या सासूबाई साखरेचा डबा लपवायच्या. पण वस्तू लपवायची, ती कुठे लपवली हे साऱ्या जगाला फोनवरून कळवायचं आणि मग जवळच्याच बाकावर बसून ती कोणाला सापडू नये म्हणून जिवाचं रान करायचं, असा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे बळवंतराव मानकर. गल्लीचे काकाजी.

आमच्या घरांच्या मागून ग्वारीघाटाकडे छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेजची गाडी, जायची. गाडी बंद झाली, रूळ उखडले आणि त्या जागी फिरायचा रस्ता झाला. फरशा आल्या, बाकं आली, करंजाची झाडं लावली. जुना सिग्नलचा खांब, नाल्यावरचा छोटा दगडी पूल म्हणजे पुलिया, आणि छप्पर उडालेलं एक इवलंसं स्टेशन तेवढं राहू दिलं. रूळ नाहीत, तरी आम्ही जबलपूरवाले त्याला अजून पटरीच म्हणतो. सकाळी अर्धी वस्ती 'पटरी पे' असते.

या पटरीवर काकाजींच्या डब्या होत्या. त्या खेळाचं नाव जिओकॅशिंग. आपण एक डबी कुठेतरी दडवायची, तिचा ठावठिकाणा फोनवर टाकायचा, आणि कोण कुठली अनोळखी माणसं तो पत्ता बघत बघत येऊन ती शोधतात. डबीत बारीकसारीक वस्तू असतात. एखादी आवडली तर घ्यायची, पण तिच्या तोडीचं काहीतरी डबीत ठेवायचं. डबी पुन्हा होती तिथे ठेवून निघून जायचं. झालं. रिकामटेकड्यांचा खेळ, असं मी काकाजींना तोंडावर म्हणाले होते.

"रिकामटेकड्यांचा कसा?" ते म्हणाले. "शिस्तीचा आहे, सुनंदा. झाकण लागते, सील लागते, तपासणी लागते!"

म्हणजे भुरळ कशाची पडली होती ते बघा. काकाजींचं आयुष्य खमरियाला फॅक्टरीत गेलं, पॅकिंगच्या इन्स्पेक्शनवर. तयार माल पेटीत नीट बंद झाला की नाही हे बघायचं आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. रिटायर झाल्यावर पेट्या गेल्या, शब्द राहिले. माझे पोहे पास, पोह्यांतले दाणे रिजेक्ट. नवे शेजारी पास, त्यांचा कुत्रा रिजेक्ट. एकदा भेडाघाटला पाहुण्यांना घेऊन गेले असता एक प्रवासी दगडाच्या फटीत हात घालताना दिसला. काकाजींनी चोर म्हणून त्याचं मनगट धरलं. त्या बिचाऱ्याने घाबरत घाबरत फटीतली डबी दाखवली आणि सगळा खेळ समजावला. काकाजींनी डबी उलटसुलट पाहिली, झाकण दाबून पाहिलं आणि त्याला म्हणाले, "ढीला है. रिजेक्ट." दुसऱ्या दिवशीपासून स्वतः सुरू.

मीही एकदा एक डबी शोधली. त्यातला संगमरवरी हत्ती मला आवडला, तो घेतला आणि पर्समध्ये सापडलं ते रबर बँड ठेवून आले. संध्याकाळी काकाजी दारात उभे, चिमटीत रबर बँड.

"हे काय आहे?"

"ठेवलं ना काहीतरी!"

"तोडीचं पाहिजे. हत्तीच्या तोडीचं हे आहे काय?"

देवघरातली पितळी घंटी देईपर्यंत माणूस हलला नाही. वर घंटी वाजवून पाहिली आणि 'पास' म्हणाले.

पण काकाजींच्या पत्नी मालतीकाकू वारल्या आणि या खेळाचं वेडात रूपांतर झालं. काकाजी सकाळ-संध्याकाळ पटरीवर. कोणी फोन हातात धरून, मान वाकवून येताना दिसलं की हे बाकावरून उठणार. "उधर नहीं, भैया, उधर साँप है." कोणी स्टेशनाकडे वळला की, "वहाँ तो कल ही किसी ने निकाल लिया." नसलेला साप, न निघालेली डबी. लोक हसायचे, आम्हीही हसायचो. एकटा माणूस, जाऊ द्या, असं म्हणायचो. काहून असं करून राहिले, हे कोणी विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

ते मला काकूंच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी कळलं.

काकाजी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"उद्या मेधा येऊन राहिली," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं. दोन दिवस."

मेधा त्यांची एकुलती एक मुलगी, भोपाळला असते. भोपाळ काही दूर नाही, पण मेधा यायची नाही. तिने आपल्या पसंतीचा मुलगा दाखवायला आणला होता. काकाजींनी त्याला उंबऱ्यावरच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आयुष्यभराच्या सवयीने तो शब्द उच्चारला. रिजेक्ट. मुलगी त्याच पावली त्याच्याबरोबर परत गेली आणि तिने त्याच्याशीच लग्न केलं. मालतीकाकू देवदर्शनाचं निमित्त करून जाऊन भेटून यायच्या, आणि काकाजी त्या निमित्ताला कधी आडवे आले नाहीत. काकू गेल्या तेव्हा मेधा आली. तेराव्याला काकाजींनी काकूंची मोत्यांची नथ तिच्यापुढे धरली. काकूंनी सांगून ठेवलं होतं, नथ मेधाची. मेधाने नथेकडे पाहिलं, मग तो हात कोणाचा आहे ते पाहिलं, आणि म्हणाली, "तुमच्या हातून मला काही नको." सगळे पाहुणे ऐकत होते. मीही तिथेच होते.

"तू तिला सहज पटरीवर घेऊन जा," काकाजी मला म्हणाले. "तिच्या हातात फोन दे. म्हण, गंमत आहे, शोधून पाहा. मी सांगितलं म्हणून म्हणू नको."

"काय शोधायचं?"

"पुलियाखाली डबी आहे. वर्षभर राखून राहिलो, आज जरा पुढं काढून ठेवली."

"आणि त्यात काय आहे?"

ते माझ्या ओट्यावरच्या परातीकडे बघत राहिले. माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

"काकाजी! नथ? सोन्याची नथ पुलियाखाली?"

"हातून नको म्हणाली ना ती," काकाजी म्हणाले. "पण सापडली तर? ज्याला सापडते त्याचं असते. तसा नियमच आहे. मग ते माझ्या हातून होत नाही."

मला खूप बोलायचं होतं. चोर, मुंगूस, पाऊस, भंगारवाले. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी एवढंच म्हणाले, "नीट पॅक केलंय ना?"

"सुनंदा," ते दुखावून म्हणाले, "मी पॅक केलं आहे."

आणि घोटाळा झाला तो नेमका इथेच.

सकाळी पोळ्या लाटताना गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. "पटरी पे बम मिला है! पुलिया के नीचे!" मी लाटणं टाकलं आणि धावले. काकाजी माझ्या पुढे धावत होते, श्राद्धाचं सोवळं नेसलेले, एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही.

पोलिसांनी पुलियाच्या अलीकडे फीत बांधली होती. फितीपलीकडे, दगडांच्या मधोमध, ती दिसत होती.  काकाजींच्या बाकीच्या डब्या बिस्किटांच्या, मसाल्याच्या असायच्या. ही तशी नव्हती. गडद हिरवा रंग. कडेला दोरीची मूठ. चारी बाजूंनी लोखंडी पट्टी आवळलेली, सांध्यांवर लाख. वर पिवळ्या अक्षरांत, साच्यातून काढलेलं, 'लॉट १, नग १', आणि वरची बाजू कुठली ते सांगणारा बाण. ज्या हातांनी जन्मभर दारूगोळ्याच्या पेट्या पास केल्या, त्यांना मौल्यवान वस्तू बंद करायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. जीव जितका जास्त, तितकं पॅकिंग कडक.

बाकी कुठल्या गावात लोक निदान पळाले असते. आमच्या गावात अर्धी गर्दी त्याच फॅक्टरीतल्या रिटायर कामगारांची, ते पुढे सरकत होते.

"अरे, ये तो अपने यहाँ की पैकिंग है!" एक आजोबा म्हणाले.

"अपने यहाँ की पट्टी इतनी चौड़ी नहीं होती," दुसरे म्हणाले.

"काम पक्का है, मगर. किसी जानकार आदमी का है."

काकाजींचा चेहरा अशा वेळीही क्षणभर खुलला, हे मी शपथेवर सांगते. मग ते फितीपाशी ठाण्याच्या इन्स्पेक्टरसमोर, म्हणजे टीआय साहेबांसमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहब, वो डिब्बा मेरा है."

टीआय साहेबांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. "आपका? क्या है उसमें?"

काकाजी म्हणाले, "खेल का सामान."

"खेल का सामान? अंकल, उस पे लॉट नंबर पड़ा है!"

"वो... आदत है, साहब."

साहेबांनी शिपायाला खूण केली आणि शिपायाने काकाजींना दंडाला धरून बाकावर बसवलं. "यहीं बैठे रहिए. आपसे बाद में बात करेंगे."

तेवढ्यात बॉम्बवाल्यांची गाडी आली. कुत्रा उतरला, डबीभोवती फिरला, हुंगलं, आणि जांभई देऊन बाजूला बसला. मला हायसं वाटलं. पण त्यांचा प्रमुख मान हलवत टीआय साहेबांना म्हणाला की आतलं काही कळत नाही, सील फार पक्कं आहे, नुसत्या कुत्र्याच्या भरवशावर हात घालणार नाही. बाजूच्या मोकळ्या मैदानात नेऊन उडवून देऊ. दोन माणसं वाळूची पोती उतरवायला लागली.

मी काकाजींपाशी वाकले. "सांगा ना त्यांना! नथ आहे म्हणून सांगा!"

"सांगितलं तर ते उघडतील," काकाजी हळू म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांड्यांमध्ये धरलेले होते. "उघडून माझ्या हातात आणून देतील. मालक कोण, तर मी. मग पुन्हा माझ्या हातून. घेईल काय ती?"

"आणि नाही सांगितलं तर चुरा होईल!"

"माहीत आहे ना बाप्पा मला!"

त्यांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नव्हता. पोती लावून होत आली होती. जाड कोट घातलेला एक माणूस डबीला दोरीचा आकडा अडकवायला निघाला होता. मी ठरवलं, आता हे बोलले नाहीत तर मीच ओरडणार, मग मला अटक करा.

आणि मागून आवाज आला, "ये बाबा की पैकिंग है."

मेधा. रस्ता अडवल्यामुळे रिक्षा सोडून, बॅग ओढत पायी आली होती. गर्दीतून तिने अजून आम्हाला पाहिलं नव्हतं, पुलियाखालची डबीच पाहिली होती. ती कोणाशी नाही, स्वतःशीच बोलत होती. "मेरा हॉस्टल का ट्रंक ऐसे ही बाँधा था. मेरी गुड़िया भी." मग तिला बाकावर, शिपायाच्या शेजारी, सोवळं नेसलेले, एका चपलेतले वडील दिसले.

"बाबा? काय आहे त्यात?"

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग पुलियाकडे. आकडा दोरीच्या मुठीत अडकला होता. ते ताडकन उठले, शिपायाच्या हाताला हिसडा देऊन फितीपर्यंत गेले आणि साऱ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडले, "साहब, रुको! उसमें मेरी घरवाली की नथ है! मेरी बेटी के लिए रखी थी!"

 मेधा जागच्या जागी उभी राहिली. काकाजींनी आपला बेत आपल्या तोंडाने मोडला होता, हे त्या गर्दीत मलाच कळत होतं. कदाचित तिलाही.

टीआय साहेब आणि प्रमुख बराच वेळ बोलले. मग लांब दांड्याची कात्री आली. यापुढचं ऐकून हसू येईल, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. काकाजी फितीपलीकडून सूचना देत होते. "पहले बायीं पट्टी! बायीं! ऊपर का मत काटो, सीधा रखो, तीर देखो!" पट्टी निघाली. आत मेणकापड. मेणकापडाच्या आत भुसा. भुशात दुसरी डबी, तिलाही लाख. तिच्यात कापूस. कापसात काकूंच्या जुन्या साडीचा तुकडा, आणि त्यात नथ.

कोटवाल्या माणसाने शिरस्त्राण काढून घाम पुसला. "अंकल, इतना तो हम लोग बम भी पैक नहीं करते."

टीआय साहेब नथ तळहातावर घेऊन आले. "लीजिए. और ये तमाशा फिर नहीं होना चाहिए."

काकाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"लीजिए, अंकल."

"मेरे हाथ में मत दीजिए, साहब." काकाजी म्हणाले. "जिसको मिला, उसका. नियम है."

"मिला तो हमको है!" साहेबांचा पारा चढला. "मैं ले जाऊँ?"

 काकाजी जमिनीकडे बघत होते, हात पाठीशी, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. मी मेधाकडे पाहायची हिंमत करत नव्हते. ती आता पाठ फिरवून भोपाळच्या गाडीकडे गेली असती तर तिला कोणी दोष दिला नसता.

तिने बॅग तिथेच सोडली आणि फितीपाशी आली.

"मुझे मिला है," ती म्हणाली.

"आपको? आप तो अभी आयी हैं, मैडम."

"सबसे पहले मैंने पहचाना. किसका है, और किसके लिए है. मला सापडली, बाबा. हो ना?"

काकाजींनी मान वर न करता होकार दिला. साहेबांनी नथ तिच्या तळहातावर ठेवली आणि ते सुटल्यासारखे जीपकडे गेले. मेधाने मूठ मिटली. मी डोळ्यांना पदर लावणार, एवढ्यात काकाजी बोलले. बोलायला नको होतं, पण रक्तातली सवय.

"घेतलं तर... त्याच्या तोडीचं काही ठेवावं लागते."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. एवढं सगळं होऊन, या घडीला, नियम!  मेधाने पर्स उघडली, आत चाचपलं आणि एक इवलीशी किल्ली काढली.

"माझ्या बॅगेची," ती म्हणाली. "कपडे, सगळं त्यातच आहे. ही नसली तर मला जाता येणार नाही. चालेल?"

काकाजींनी किल्ली घेतली. चष्मा वर करून तिची एक बाजू पाहिली, मग दुसरी. बराच वेळ लागला, कारण डोळे सारखे पुसावे लागत होते.

"पास," ते म्हणाले.

त्या दिवशी श्राद्धाचं जेवण उशिरा झालं. मेधा काकूंची जांभळी साडी नेसून वाढत होती. तिचे कपडे बॅगेत, बॅगेला कुलूप, आणि किल्ली नियमाप्रमाणे काकाजींनी एका डबीत घालून पटरीवर दडवली होती. या वेळी साधी बिस्किटांची डबी.

दोन दिवसांसाठी आलेली मुलगी आठवडाभर राहिली. रोज सकाळी ती काकूंची एक एक साडी नेसून, माझा फोन हातात धरून पटरीवर शोधत असायची. काकाजी बाकावरून ओरडायचे, "काहून तिकडं शोधून राहिली? तिकडं साप आहे!" ती म्हणायची, "साँप भी आपका ही पाला हुआ होगा, बाबा." मधेच एकदा तिच्या नवऱ्याचा फोन आला, कधी येतेस म्हणून. काकाजींनी तिच्या हातून फोन घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "जी, आप ही आ जाइए. ढूँढने में मदद लगेगी."

मी ती बॅग माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यावरचं कुलूप करंगळीच्या नखाएवढं. केसातल्या आकड्याने उघडलं असतं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. मेधाला तर माहीतच होतं, बॅग तिची. आणि ज्यांनी जन्मभर कुलपं आणि सिलं तपासली, त्या काकाजींनाही दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तिघांपैकी कोणी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. सकाळचा चहा झाला की बापलेक चपला घालून पटरीवर शोधायला जायचे.